मॉडेल विमानाचा पितळी पाय पुन्हा पुन्हा निखळतो? सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी हे तपासा

हे टिपण कपाटात ठेवायच्या मॉडेलांसाठी आहे, उडवायच्या नाही. १:३२ किंवा १:२४ मापात मिग-२१, नॅट, मरुत अशी विमानं लाकडात किंवा रेझिनमध्ये करायची आणि लँडिंग गिअर, म्हणजे चाकांचे पाय, मात्र पितळी नळी, तार आणि पत्रा कापून हाताने बनवायचं, असं काम करणाऱ्या सगळ्यांची एक तक्रार ठरलेली. डाख (सोल्डर) बसतो, दिसायला झकास दिसतो, मॉडेल उभं करून फोटोही निघतात, आणि काही दिवसांनी बघावं तर एक पाय बाहेर फाकलेला आणि पंख टेबलाला टेकलेला. जालन्यात माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बहुतेक मॉडेलं हाच आजार घेऊन येतात. परभणीचा एक पोरगा परवा म्हणाला, "काका, कितीदा डाख दिला, तरी निघायलाच की हो." पुन्हा पुन्हा डाख दिला म्हणूनच निघतोय, असं त्याला सांगावं लागलं. तुटलेल्या जोडावर नवा डाख ओतला की तो का तुटला याचा पुरावाच वितळून जातो.

लक्षणं कोणती

आधी आपल्या मॉडेलला यातलं काय झालंय ते ठरवा. उपाय वेगवेगळे आहेत.

डाख पितळेवर पसरत नाही, त्याचे मणी होऊन घरंगळतात. किंवा पसरल्यासारखा दिसतो, पण नखाने ढकलला की अख्खी टिकली निघून येते.

एक जोड नीट बसतो, पण शेजारचा करायला गेलं की पहिला सुटतो. मिगच्या पायाला कात्रीसारखे दोन दुवे असतात, तिथे हे हमखास.

जोड उन्हाळ्यात केला तेव्हा ठणठणीत होता, पावसाळ्यात त्याच्या कडेने हिरवट-पांढरी बुरशी फुटली, रंग सुटला आणि मग जोडही सुटला.

जोड शाबूत आहे, पण पाय हळूहळू वाकतोय किंवा तिरका होतोय.

डाखाला काही झालेलं नाही, पितळच उभं चिरलंय.

फुकटातली पहिली तपासणी: तुटलेलं तोंड

भिंग घ्या. पोस्टाची तिकिटं बघायचं असलं तरी चालेल. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही काम होतं. तुटलेल्या दोन्ही तुकड्यांची तोंडं उजेडात धरा आणि डाख कुठे राहिलाय ते बघा.

एका तुकड्यावर डाखाची अख्खी टोपी आणि दुसऱ्यावर स्वच्छ पिवळं पितळ असेल, तर त्या पिवळ्या बाजूला डाख कधी धरलाच नव्हता, नुसता टेकून बसला होता. माझ्याकडे येणाऱ्या पायांत हेच सगळ्यात जास्त दिसतं, आणि पिवळी राहिलेली बाजू जवळजवळ नेहमी जाड तुकड्याची असते. कारण सरळ आहे: बारीक तार पटकन तापली, तिच्यावर डाख पळाला, जाड नळी गारच राहिली. अशा वेळी दोष डाखाचा नसतो, उष्णतेचा किंवा सफाईचा असतो.

पिवळ्या बाजूवर तपकिरी, काचेसारखा पापुद्रा दिसला तर तो अडकलेला फ्लक्स, म्हणजे डाख धरावा म्हणून आधी लावतात ते रसायन. तो उकळून बाहेर पडायच्या आतच तुम्ही आयर्न उचललं.

दोन्ही तोंडांवर करडा, रवाळ डाख असेल तर डाख दोन्हीकडे धरला होता आणि मधून फाटला. मग एकतर गार होताना जोड हलला, किंवा जोडावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार होता. हिरवी-पांढरी भुकटी असेल तर फ्लक्स धुतला गेला नाही. आणि डाख तसाच असून पितळ तुटलं किंवा वाकलं असेल, तर पुढचे सफाईचे आणि आयर्नचे परिच्छेद सोडून सरळ जोडाच्या आखणीकडे जा. पितळ उभं चिरलं असेल तर मात्र फ्लक्सच्या भागाचा शेवट वाचा.

हे बघून झाल्यावर तुटलेल्या तोंडाचा एक फोटो काढून ठेवा. पुढे कुणाला दाखवायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

दुसरी तपासणी: स्वयंपाकघरातला वजनकाटा

मॉडेलचं एक चाक काट्यावर ठेवा आणि बाकीची दोन तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर, म्हणजे विमान सपाट राहील. तिन्ही चाकांचा भार असा एकेक करून मोजा. पुढे नाकचाक असलेली विमानं शेपटावर बसू नयेत म्हणून आपण नाकात शिशाचे छर्रे भरतो, आणि भरताना हात सैल सुटतो. नाकचाकावर अगदी थोडा भार असला तरी विमान शेपटावर बसत नाही. तिथे मुख्य पायाइतकाच भार निघाला, तर आधी छर्रे काढा. काही वेळा दुरुस्ती एवढ्यावरच संपते.

हा आकडा लिहून ठेवा, आखणी तपासताना लागेल.

तिसरी: सफाई, आणि पाण्याची परीक्षा

पितळ चकाकतंय म्हणजे स्वच्छ आहे असं नाही. बाजारातल्या कितीतरी पितळी पट्ट्यांवर आणि नळ्यांवर काळी पडू नये म्हणून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. भांडी घासायच्या पावडरीने लखलखाट येतो, पण तिचा बारीक थर उरतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे बोटांना घाम किती असतो ते वेगळं सांगायला नको. घासून झालेल्या तुकड्याला एकदा बोट लागलं की तेलाचा ठसा बसलाच.

परीक्षा सोपी आहे. तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा. पाणी पसरून अखंड पापुद्रा झाला तर पितळ स्वच्छ. थेंब गोळा होऊन बसले तर वर तेल किंवा लॅकर आहे. अशा जागी फ्लक्सही नीट पोचत नाही, मग डाख कुठून पोचणार?

४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर चिमट्यानेच धरा. नळीच्या आतली बाजू विसरू नका. दात कोरायच्या काडीला पेपरची पट्टी गुंडाळून आतून फिरवा, कारण जोडाची खरी पकड आतच असते. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. आपल्याकडच्या बोअरचं पाणी इतकं जड असतं की वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर राहतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते.

चौथी: हे खरंच पितळ आहे का?

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण जुन्या बाजारातून सामान आणणाऱ्यांनी तो विचारायलाच हवा. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओची लांबवायची अँटेना ही लँडिंग गिअरसाठी सोन्यासारखी वस्तू. एकात एक बसणाऱ्या पातळ पितळी नळ्या आयत्या मिळतात, विमानाच्या पायातला सरकणारा दांडा जसाच्या तसा होतो. पण वर क्रोमचा मुलामा असतो, आणि क्रोमवर घट्ट ऑक्साइड बसलेलं असतं. नेहमीच्या फ्लक्सला ते जुमानत नाही. जिथे जोड द्यायचा तिथे बारीक कानस फिरवून खालचा पिवळा रंग पूर्ण दिसेपर्यंत मुलामा काढावा लागतो. कानशीने एका कोपऱ्यात ओरखडा काढून बघितला की लगेच कळतं.

इंजेक्शनची सुई स्टेनलेस स्टीलची असते. बारीक नळी म्हणून ती छान, पण राळेच्या फ्लक्सने तिच्यावर डाख बसत नाही, ॲसिड फ्लक्स लागतो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा ॲल्युमिनियमचा. तो घासल्या घासल्या हवेत पुन्हा ऑक्साइड धरतो, त्यामुळे साध्या डाखाचा नाद सोडा, दोन भागांचं इपॉक्सी वापरा. मुलाम्याखाली लोखंड आहे का हे चुंबक सांगतं. स्टेनलेसच्या बाबतीत मात्र चुंबकावर विसंबू नका, बऱ्याच स्टेनलेसला तो चिकटत नाही.

पाचवी: फ्लक्स

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या डाखाच्या तारेत राळ भरलेली असते. तांब्याच्या स्वच्छ वायरला ती पुरते. पितळेत जस्त असतं, तापलं की त्याचा ऑक्साइड पटकन बसतो, आणि राळ त्याच्यापुढे कमी पडते. मणी होऊन घरंगळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पितळेसाठी झिंक क्लोराइडचा किंवा फॉस्फोरिक ॲसिडचा पातळ फ्लक्स आणा आणि काडीने जोडाच्या फटीत सोडा. जास्त नको, ओलसर झालं की पुरे. डबीतली पेस्ट वाळून खडा झाली असेल तर ती टाकून द्या.

पण ॲसिड फ्लक्स वापरला तर धुणं सक्तीचं. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढा, आणि हेअर ड्रायरने नळीच्या आतपर्यंत वाळवा. क्लोराइडचा उरलेला अंश हवेतली ओल ओढून घेतो. मराठवाड्याची हवा फेब्रुवारी ते मे इतकी कोरडी असते की न धुतलेला जोडही निमूट बसून राहतो आणि आपल्याला वाटतं जमलं. मृगाची ओल आली की तो काम सुरू करतो, श्रावणापर्यंत रंगाखालून हिरवा कोंब बाहेर येतो. कपाटाला, हवेला किंवा रंगाला दोष देण्यात अर्थ नाही.

चिरलेल्या पितळेचं इथेच सांगून टाकतो. ओढून काढलेल्या कडक नळीत ताण कोंडलेला असतो. तिला अमोनिया आणि ओल दोन्ही मिळाली की ती उभी चिरते, कुणी हात न लावता. ब्रिटिश काळात भारतातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुताचा अमोनिया त्याला कारणीभूत होता, आणि त्याचा उलगडा १९२१ साली झाला. आपल्याकडे अमोनिया येतो तो नवसागराच्या फ्लक्समधून, काच पुसायच्या काही द्रवांतून, किंवा वर्कशॉप गोठ्याला लागून असेल तर थेट हवेतून. नवसागर भांड्यांच्या कल्हईला ठीक आहे, आपल्या नळीला नको. चिरलेली नळी डाखाने भरू नका, बदला.

सहावी: वारा, व्होल्टेज आणि आयर्न, याच क्रमाने

कूलर बंद करा. बेचाळीस डिग्रीत हे सांगणं क्रूरपणाचं आहे, पण कूलरचा झोत जोडावर येत असेल तर साठ वॅटचं आयर्नही हात टेकतं. डाख देताना झोत बंद, खिडकी उघडी, आणि तोंड धुराच्या वर नाही. फ्लक्सचा धूर छातीला वाईट. डाखात शिसं असेल तर काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही, आणि लहान मुलं वावरतात त्या ओट्यावर हे काम मांडायचं नाही.

मग मल्टिमीटरने प्लगमधलं व्होल्टेज बघा. आयर्नवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टला असतात, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. १८० व्होल्ट आले तर साठ वॅटचं आयर्न जेमतेम ३७ वॅटचं उरतं. गावाकडे पंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, त्याच वेळी तुमचा डाख कच्चा राहतो. अनेकांचं "सकाळी बसतो, रात्री बसत नाही" हे गूढ इथेच सुटतं. उपाय फुकट आहे: व्होल्टेज असेल तेव्हा काम करा. थर्मोस्टॅट असलेलं सोल्डरिंग स्टेशन तापमान तेवढंच दाखवेल, पण व्होल्टेज कमी असताना ओढ पडली की भरून काढायला त्यालाही वेळ लागतो.

आयर्न पंचवीस वॅटचं असेल तर ते सर्किटसाठी ठेवा. तीन मिलिमीटरच्या पितळी नळीला साठ वॅट आणि छिन्नीसारखी रुंद बिट, म्हणजे आयर्नचं टोक, लागते. टोकदार बिट दिसायला अचूक, पण तिचा स्पर्श सुईएवढा, त्यातून उष्णता जाणार किती? काळी पडलेली बिट ओल्या स्पंजवर पुसून तिच्यावर डाखाचा पातळ थर चढवा. कोरडी काळी बिट उष्णता पोचवत नाही.

तुकडा लोखंडी व्हाइसमध्ये धरून डाख देणारे खूप आहेत. व्हाइस सगळी उष्णता पिऊन टाकतो. कौलाच्या किंवा भट्टीच्या विटेच्या तुकड्यावर ठेवा, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याने धरा. बिट आधी जाड तुकड्याला लावा, तो तापू द्या, मग बारीक तुकड्याकडे सरका. डाखाची तार बिटला नाही, पितळेला लावा, बिटच्या समोरच्या बाजूने. पितळच तिला वितळवत असेल तर दोन्ही बाजू तापल्या. डाख उष्णतेकडे धावतो, म्हणून फटीतून पलीकडे त्याची बारीक चकाकती रेघ उमटली की तो आत पोचला असं समजा. ती रेघ दिसेपर्यंत आयर्न उचलायचं नाही.

सातवी: डाखाची तार

लेबल नसलेलं रीळ घेऊ नका. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिशाचा डाख १८३ डिग्रीला मऊ पडायला लागतो आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतो. ६३-३७ थेट १८३ ला वितळतो, थेट तिथेच गोठतो. कथील कमी करून स्वस्त केलेला ४०-६० पूर्ण पातळ व्हायला २३८ पर्यंत जावं लागतं, आणि मधल्या सगळ्या टप्प्यात तो खिरीसारखा असतो. त्या अवस्थेत हात जरासा हलला की आतून रवाळ, भेगाळ जोड होतो. नवशिक्याने ६३-३७ घ्यावा.

शिसं नसलेला कथील-तांब्याचा डाख २२७ ला वितळतो आणि गोठल्यावर मुळातच मंद दिसतो. त्यामुळे चमक नाही म्हणजे जोड कच्चा, हा नियम त्याला लावू नका.

शेजारचा जोड सुटण्यावरचा उत्तम उपाय याच दोन तापमानांत आहे. पहिला जोड २२७ वाल्याने करा, शेजारचा १८३ वाल्याने. शिवाय पहिल्या जोडावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. पितळ तांब्याइतकं नाही, तरी उष्णता भरपूर वाहून नेतं, आणि एवढ्याशा पायात दोन जोडांमध्ये अंतर ते किती असणार.

आठवी: हात हलतो का?

हलतोच. कुणाचाही हलतो. प्लायवूडच्या तुकड्यावर पायाचा नकाशा चिकटवा, दोन्ही बाजूंनी बारीक खिळे मारा आणि तुकडे त्यात अडकवून डाख द्या. डाखाची चकाकी एका क्षणी मंद होते ती नजरेने पकडा. त्यानंतरही थोडं थांबून मगच खिळे काढा. फुंकर मारून गार करू नका.

नववी: जोडाची आखणी

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तोंड दोन्हीकडे करडं, रवाळ असेल, तर काम आता खर्चिक होतं, कारण पाय नव्याने करावा लागेल. पण ज्यांचा पाय वारंवार निखळतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तक्रारीचं मूळ मला इथे सापडतं, म्हणून जरा सविस्तर.

मॉडेल करणारा फोटो बघून पाय करतो. मिग-२१ चा मुख्य पाय पंखात दुमडतो, चाक मात्र वळून पोटात उभं जाऊन बसतं, त्यामुळे खाली दुवे, दांडे, कात्र्या यांची गर्दी आहे. खऱ्या विमानात त्या प्रत्येक सांध्यात पिन आणि बेअरिंग असतं. आपण ते बाहेरून बघून तारेचं टोक तारेला टेकवतो आणि वर डाखाचा ठिपका देतो. टोकाला टोक लावलेला जोड म्हणजे सगळा भार डाखावर, आणि डाख हे कमकुवत मिश्रण आहे. कथील-शिशाचा डाख थोड्या वेळासाठी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनच्या आसपास ताण सोसतो, कडक ओढलेलं पितळ त्याच्या कित्येक पट.

गणित करून बघा. काट्यावर एका मुख्य चाकाचा भार २५० ग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच न्यूटन, निघाला, आणि चाकाचा मध्य पायापासून ८ मिलिमीटर बाजूला आहे. म्हणजे जोडाला वाकवणारा जोर साधारण २० न्यूटन-मिलिमीटर. दीड मिलिमीटर तारेच्या टोकाच्या जोडात त्यामुळे दर चौरस मिलिमीटरला ५९ न्यूटनचा ताण येतो, तो डाखाला पेलत नाही. तार दोन मिलिमीटरची घेतली तर तोच ताण २५ वर उतरतो, कारण ताकद व्यासाच्या घनाने वाढते.

२५ हा ४० पेक्षा कमी आहे म्हणून खूश होऊ नका. सतत भाराखाली डाख हळूहळू सरकत राहतो. तो १८३ डिग्रीला वितळतो, म्हणजे निरपेक्ष मापात ४५६ केल्विन. आपल्या उन्हाळ्यातलं बंद काचेचं कपाट ३१५ केल्विनला सहज असतं. वितळायच्या निम्म्याहून बरंच पुढे. अशा तापमानाला धातू कायमचा भार घेऊन स्थिर बसत नाही, त्याची टिकाऊ ताकद वरच्या आकड्याच्या कितीतरी खाली येते. हळूहळू वाकणाऱ्या पायाचं कारण हेच, आणि म्हणूनच ते एप्रिल-मेमध्ये दिसतं.

म्हणून नियम असा: भार पितळाने घ्यायचा, डाखाने फक्त पितळाला जागेवर धरायचं. आसाची तार पायाच्या नळीत आरपार घाला, टेकवू नका. नळीत नळी बसवताना आतली नळी निदान व्यासाच्या तिप्पट आत जाऊ द्या, आणि फट इतकीच ठेवा की ढकलल्यावर सरकेल पण डुगडुगणार नाही, मिलिमीटरचा विसावा भाग ते दहावा भाग. जास्त फट ठेवली तर डाख ओढला जात नाही, गाळासारखा साठतो. जिथे असा वाकवणारा जोर येतो तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार भोक पाडून त्यात तारेची पिन घाला, मग डाख द्या, आणि बाहेर आलेली टोकं कानशीने सपाट करा. रंग दिल्यावर पिन दिसतही नाही. कात्रीचे दुवे भार घेणारे नसतात, ते नुसते दिसायला आहेत. त्यांच्यावर पाय तोलला जात असेल तर आखणी चुकली.

पोकळ नळीच्या पायात आतून कडक पोलादी तार सरकवून वर विमानाच्या सांगाड्यापर्यंत नेली तर निम्मा प्रश्न मिटतो. १:२४ च्या वजनदार लाकडी मॉडेलला मी दुसरं काही सुचवतच नाही.

चांदीचा डाख, आणि कुठे थांबायचं

साध्या डाखाने भागलं नाही की लोक चांदीच्या डाखाकडे वळतात. ताकद खरंच खूप जास्त. पण तो साधारण ६०० ते ७५० डिग्रीला वितळतो, म्हणजे ज्योत हवी, टाकणखार हवा, आणि त्या तापमानाला ओढलेलं कडक पितळ नरम पडतं. जोड तुटत नाही, जोडाशेजारचा पाय वाकतो. त्यामुळे चांदीचा डाख द्यायचा तर पाय आधीपासून जाड धरा किंवा आत पोलादी तार घाला.

घरी हे काम करायला बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरला रबरी नळी लावून टॉर्च जोडणारे बघितलेत. पितळ जास्त तापून त्यातून पांढरा धूर निघायला लागला की ते जस्त जळतंय, तो धूर छातीत गेला तर रात्री हिव भरतं. शिवाय काही जुन्या चांदीच्या डाखांत कॅडमियम असतं. सोन्यातल्या "केडीएम" चं कॅडमियम तेच, आणि त्याची वाफ फुफ्फुसाला घातक म्हणूनच सोनारांनी ते सोडलं. डाख कॅडमियमचा नाही हे पाकिटावर लिहिलेलं नसेल तर त्याला ज्योत दाखवू नका.

हे काम सोनाराचं. संभाजीनगरच्या सराफ्यात किंवा आपल्या गावच्या सराफ गल्लीत चांदीच्या पैंजणांची दुरुस्ती करणारा कारागीर शोधा. त्याला मॉडेल नेऊन दाखवू नका, तो घाबरतो. तुकडे साफ करून, पिना घालून, बारीक तारेने बांधून न्या आणि कुठे डाख हवाय तिथे स्केचपेनने खूण करा. लेझर वेल्डिंगचं मशीन असलेला कारागीर मिळाला तर दुधात साखर, शेजारचा जोड तापतच नाही.

ॲल्युमिनियमचा पाय जोडायचा असेल तर टिग वेल्डरकडे जा. वाळूज, चिकलठाणा, लातूर, नांदेड, कुठल्याही एमआयडीसीत तो असतो, फक्त पत्रा किती पातळ आहे ते आधी विचारून घ्या. एक मिलिमीटरच्या आतलं काम बरेच जण घेत नाहीत. पायाचा दांडा मापात कातून हवा असेल तर लेथवाला. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी जा आणि कागदावर मापं लिहून न्या, तोंडी सांगितलेल्या मापाचा दांडा कधी बसत नाही.

तोच जोड दोनदा साफ करून, नीट तापवून दिला आणि तरी तिसऱ्यांदा निघाला, तर आयर्न बाजूला ठेवा. त्या जोडाचा प्रश्न आता डाखाने मिटणारा नाही, पाय नव्याने आखा किंवा दुसऱ्याच्या हातात द्या. आणि मॉडेल उडवायचं असेल, माणसांच्या डोक्यावरून जाणार असेल, तर कपाटासाठी केलेला हा पाय त्याला लावू नका. उडत्या मॉडेलचे पाय पोलादी तारेचे असतात, जोडावर बारीक तार गुंडाळून मग डाख दिलेला असतो. ते काम अशी मॉडेलं नेहमी बनवणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.